जड नळीची रायफल

रघुनाथराव धोट्यांचा फोन आला तेव्हा कमल गजभिये सौंसरच्या शाळेच्या मैदानावर सहावीच्या पोरींना रांगेत उभं करत होती. तीस वर्षं झाली तिला खेळाची शिक्षिका होऊन.

"कमल, रायफल विकून राहिलो," रघुनाथराव म्हणाले. "छिंदवाड्याच्या एका क्लबचा कोच येते पुढच्या रविवारी. स्वप्निल नाव त्याचं. त्याले पन्नास मीटरवर पाच गोळ्या मारलेला कागद पाहिजे, अन् मारणाऱ्याची सही. माझे हात तं आता थरथरतात. येशील का?"

"येतो काकाजी," ती म्हणाली. कधी यायचं ते विचारायचं राहून गेलं हे फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं.

कमल तिगावची. बाप, उत्तम, दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करायचा. पांढुर्ण्याच्या कॉलेजात एनसीसीत असताना तिचा नेम रघुनाथरावांच्या नजरेत भरला. स्वतः बगीचेवाले, पण जीव सगळा नेमबाजीत. गावाबाहेर माळावर आठ-दहा जणांचा रायफल क्लब त्यांनी चालवला होता. त्यांची स्वतःची पॉइंट टू टूची, मागचा खटका ओढून एकेक गोळी भरायची बोल्ट रायफल नागपूरच्या एका निवृत्त मेजरकडून घेतलेली, जाड जड नळीची, खास नेमबाजीसाठी बनवलेली. तीन वर्षं कमलनं तीच चालवली. पंच्याण्णव साली इंदूरच्या निवड ट्रायलला तिचं नाव आलं. रघुनाथराव रायफल घेऊन पांढुर्ण्याच्या स्टेशनवर उभे राहिले आणि कमल आलीच नाही. त्याच दिवशी लोधीखेड्याच्या शाळेत तिला नोकरीवर हजर व्हायचं होतं. पत्र आदल्या संध्याकाळी हातात पडलेलं. घरात फोन नव्हता.

त्यानंतर लग्नाकार्यात दोघं भेटले, नमस्कार झाले. त्या दिवसाचा विषय कुणी काढला नाही. नवरा, दोन मुलं, बदल्या, घराचं बांधकाम, सगळं रीतसर झालं. फक्त कधी कधी भाजी निवडताना किंवा हजेरी घेताना तिचा श्वास आपोआप अर्ध्यावर थांबायचा, गोळी सोडायच्या आधी थांबतो तसा. मग कुणीतरी हाक मारायचं.

शनिवारी दुपारी ती पांढुर्ण्याला उतरली. रघुनाथराव एकोणऐंशीचे झाले होते. बायको विजयमाला जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा अंकुर पुण्याला. त्याला लायसन्स नको होतं. यंदा मुदत संपत होती आणि थरथरत्या हातांनी ते पुन्हा वाढवायला जायचं रघुनाथरावांना पटत नव्हतं. दोघं माळावरच्या रेंजवर गेले. क्लबात आता कुणी उरलं नव्हतं, पण रेंजचा परवाना होता आणि गोळ्या अडवणारा मागचा मातीचा बांधही उंच होता.

पेटीतून रायफल काढून त्यांनी तिच्या हातात दिली. वजनाची ओळख हातांना आधी पटली. तिनं बोल्ट उघडून नळी रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि मागून उजेडाकडे धरून नळीत पाहिलं. गोळीला फिरकी देणारे आतले पीळ स्वच्छ, कडा धारदार. पुढचं तोंडही नीट, कुठे ठेच नाही. बोल्ट परत बसवून रिकामाच ट्रिगर दाबला, तो पूर्वीसारखाच काडी मोडावी तसा सुटला. स्क्रू घट्ट होते.

"तेल-पाणी चांगलं ठेवलं तुम्ही."

"दर रविवारी," रघुनाथराव म्हणाले. "दुसरं काम काय आहे?"

तिनं वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, चटईवर पालथी झाली, गाल लाकडाला लावला. डोळ्यांवर आता चष्मा होता, कोपर दुखत होतं, तरी मागच्या बारीक भोकातून पुढचं गोल कडं आणि त्यात निशाणाच्या कागदावरचं काळं वर्तुळ येऊन बसलं. पाच गोळ्या तिनं घाई न करता मारल्या.

कागद आणून पाहिला. पहिल्या दोन जवळजवळ. तिसरी डावीकडे, चौथी आणखी डावीकडे, पाचवी काळ्याच्या बाहेर.

"नळी गेली म्हणायची," रघुनाथराव म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. "असा कागद पाहून स्वप्निल काही नेणार नाही. राहील मग कपाटात. लायसन आणखी एकदा वाढवून घेईन, काय होते."

कमल कागदाकडे बघत राहिली. कपाटात राहिली तर वर्षातून दोनदा यायला निमित्त होईल. म्हणता येईल, काकाजी, जरा पाहू का चालते की नाही. तिला ते इतकं हवंसं वाटलं की तिनं पेन उघडलं. खाली नुसती सही करायची होती.

पण नळी तिनं आताच पाहिली होती. तशी नळी असं मारत नाही.

तिनं वहीच्या पानाची पट्टी फाडली आणि नळी व लाकडाच्या मधल्या फटीत सरकवली. जड नळी लाकडाला कुठेच टेकायला नको, पट्टी थेट मागपर्यंत जायला हवी. ती पुढून चार बोटांवर अडकली. उजव्या अंगाला लाकूड नळीला घासत होतं, आणि गोळीगणिक तापणारी नळी डावीकडे ढकलली जात होती.

"पावसानं फुगलं आहे," ती म्हणाली आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमले माहीत होतं, काकाजी."

रघुनाथराव बांधाकडे पाहत होते. "पोळ्याच्या वेळेसच दिसलं होतं."

"मंग घासलं काहून नाही?"

"तुले सापडते का ते पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "तसंही नाही. नाही घासलं, बस."

त्यांच्या साहित्याच्या डब्यात सॅंडपेपर होता. स्क्रू सोडून नळी वर उचलली आणि काडीला कागद गुंडाळून ती अर्धा तास ते लाकूड हळूहळू घासत बसली. रघुनाथराव फुंकर मारून भुसा उडवत होते. पट्टी मोकळी सरकली तेव्हा तिनं स्क्रू पुन्हा आवळले आणि चटईवर आडवी झाली.

या वेळी तिला कोपर जाणवलं नाही. माळावर टिटव्या ओरडत होत्या, त्याही थांबल्यासारख्या वाटल्या. अर्धा श्वास सोडला, थांबली, बोट आपलं आपण आलं. पाचवी गोळी गेल्यावरही ती गाल न उचलता तशीच पडून राहिली.

कागदावर पाचही छिद्रं एकमेकांत गेली होती. वर रुपयाचं नाणं ठेवलं तर झाकून जातील एवढ्यात. कमलनं खाली लिहिलं, नळी उत्तम, लाकडाची अडचण काढली, आणि सही करून तारीख टाकली.

रघुनाथरावांनी कागद मांडीवर घेतला.

"इंदूरले हेच आलं असतं," ते म्हणाले.

तीस वर्षांनी तो दिवस दोघांच्या मधे आला. कमल म्हणाली, "निरोप देता आला नाही काकाजी. तुम्ही स्टेशनवर किती वेळ..."

"निरोप भेटला मले. दुसऱ्या दिवशी. तुझा बाप आला होता."

"बाबा? इथं?"

"तिगावाहून पायी. दारातच हात जोडून उभा राह्यला, म्हणे पोरीची चूक नाही, मीच म्हटलं नोकरी पह्यले. मी म्हटलं, उत्तमराव, पोरगी नोकरीले लागली, यात माफी कायची? घरात बसवलं, चहा झाला. जाता जाता म्हणे, ते बंदूक पाहू का एकदा. मी रिकामी करून हातात दिली. त्यानं नेम-बिम काही धरला नाही. फक्त इथं," रघुनाथरावांनी लाकडावरच्या गुळगुळीत झालेल्या जागेवर बोट ठेवलं, "इथं गाल ठेवून पाह्यला. म्हणे, कमल इथंच गाल ठेवते ना? मी म्हटलं, होय, तिथंच."

कमलला हे कुणी सांगितलं नव्हतं. बाप बारा वर्षांपूर्वी गेला, आणि जिवंत असेपर्यंत त्यानं रायफलचं नावही घेतलं नाही. तिला वाटायचं त्याला त्यातलं काही कळलंच नव्हतं. तिनं रायफल मांडीवर घेतली आणि बराच वेळ त्या जागेवर तळहात ठेवून बसली. रघुनाथरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते रिकामी काडतुसं एकेक करून वेचत राहिले, त्यांच्या हातून ती पुन्हा पुन्हा निसटत होती.

रविवारी स्वप्निल आला तेव्हा कमलही होती. त्यानं कागद दोनदा पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हे तुम्ही मारलं? आमच्याकडे शिकवायला येत जा ना."

"पाहू," ती म्हणाली. "कोण चालवणार आहे ही?"

"मोहगावची एक पोरगी आहे, शीतल. चांगली आहे, पण दुसऱ्या गोळीला घाई करते."

"तिला सांगा, पहिली गेली की गाल उचलायचा नाही. अन् पावसाळ्यानंतर नळी अन् लाकडाच्या मधून कागद फिरवून पाहायचा."

परवानगी आधीच काढलेली होती, कागदांवर सह्या झाल्या. गाडी गेली. रघुनाथराव कपाटाचं दार लावायला आत गेले, ते लवकर बाहेर आले नाहीत. कमल ओसरीवर थांबली आणि मग तिनंच आत जाऊन चहा ठेवला.

छिंदवाड्याला ती अजून गेलेली नाही. रघुनाथरावांचा फोन मात्र दर रविवारी येतो. यंदा संत्र्याचा आंबिया बहार कसा आहे, भाव काय निघाला, गुडघा कसा आहे, एवढं बोलणं होतं. ते संपलं तरी फोन लगेच कुणी ठेवत नाही.