त्रेचाळिसावी चिठ्ठी

मी एक जुनी, पोचे आलेली पत्र्याची बादली आहे. माझ्या काठाखाली एक भोक आहे. त्याला हसू नका, मित्रांनो. त्याच भोकाने मला चाळीस वसंत मेपलच्या झाडांवर टांगून ठेवलं. अमेरिकेत, व्हरमाँटच्या आमच्या टेकड्यांवर थंडी सैल झाली की खोडांतून गोडसर रस ठिबकायचा आणि मी थेंबाथेंबाने भरत जायचे. पुढे माझा सांधा उसवला, रस गळू लागला. मला वाटलं, आता भंगारात. पण नशीब बघा, मला बढती मिळाली. मी बीच हिल मेपल मंडळाची मतपेटी झाले.

हे मंडळ म्हणजे सभासदांच्या सामाईक मालकीची मेपलची राई आणि तो रस आटवून पाक करायची भट्टी. नफा कुणी घरी न्यायचा नाही, हा पहिला नियम. दुसरा त्याहून कडक: सभेत मतदानाआधी तीन निरीक्षक नेमायचे. उमेदवाराला निरीक्षक होता येत नाही. तिघांनी खरेपणाची शपथ घ्यायची, नावं तपासायची, चिठ्ठ्या मोजायच्या, आणि तिघांच्याही सह्या झाल्याशिवाय निकाल लागत नाही. नेमायची रीत तर आमच्याच गावाला सुचावी अशी. पहिले दोघे असे निवडायचे, ज्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. म्हणजे एकाचे डोळे दुसऱ्यावर. तिसरा, जो सभेला सगळ्यात उशिरा येईल तो. त्यामुळे आमची सभा कधी उशिरा सुरू झाली नाही.

त्या वर्षी मात्र माझा पत्रा नुसता थरथरत होता. भट्टीच्या प्रमुखाची निवडणूक होती! गुऱ्हाळात जसा गुळव्या, तसा आमच्याकडे हा मान. सव्वीस वर्षं भट्टी सांभाळणारे एमॉस कोलबर्न एका बाजूला, आणि लुसिंडा टटल ही तरणीताठी शेतकरीण दुसऱ्या बाजूला. एमॉस पंचाहत्तरीला टेकले होते. आदल्या वर्षी उकळत्या काहिलीपुढेच त्यांना डुलकी लागली, पाक करपला आणि त्यांची बाही पेटता पेटता वाचली. तरी अर्धं गाव म्हणत होतं, एमॉसशिवाय भट्टी कसली?

निरीक्षक म्हणून एमॉसची सख्खी बहीण ऑर्फाबाई आणि त्यांच्याशी नऊ वर्षं अबोला धरलेल्या डेल्फीनबाई गॅन्यों यांची नेमणूक झाली. जत्रेतल्या स्पर्धेत परीक्षक असलेल्या ऑर्फाबाईंनी डेल्फीनबाईंच्या काकडीच्या लोणच्याला दुसरा नंबर दिला होता. कारण एवढंच. ऑर्फाबाईंच्या हातचं ते ‘दुसरा क्रमांक’ लिहिलेलं कार्ड डेल्फीनबाईंनी स्वयंपाकघरात खिळ्याला लावून ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. तिसरे आले गुरांचे डॉक्टर पोमरॉय. गाय अडली होती म्हणून उशीर झाला, हे त्यांचं कारण कुणी ऐकून घेतलं नाही.

शपथ झाली. रीतीप्रमाणे मला सगळ्यांसमोर उलटं करून तीनदा ठोकलं. काहीच पडलं नाही, म्हणून सगळे म्हणाले, रिकामी आहे. पण माझ्या तळाला जुन्या पाकाचा थर होता. आदल्या मेजवानीत मुलांनी मला पाक वाढायला नेलं होतं आणि नंतर फक्त बाहेरून चकचकीत घासलं होतं. त्यात मला ठेवलं शेगडीजवळ. निरीक्षकांनी आधी मत द्यायचं असतं. ऑर्फाबाईंनी सर्वांत पहिली चिठ्ठी टाकली आणि ती मऊ झालेल्या पाकावर घट्ट बसली. मला कळलं. पण बादलीला तोंड असलं तरी वाचा कुठे असते?

मोजणी झाली. प्रत्येक चिठ्ठी तिघांच्या हातून गेली. एकवीस आणि एकवीस! बरोबरी झाली तर जुनाच प्रमुख कायम, असा नियम होता. अध्यक्ष वेंडेल क्रेन यांनी लगेच कागद सहीला पुढे केला. ताटांत आणून ठेवलेला बर्फ वितळत होता, आणि बर्फावर गरम पाक ओतून खायला सगळे टपले होते.

ऑर्फाबाईंनी पेन खाली ठेवलं. “यादीत मत दिलेल्यांच्या नावांवर खुणा त्रेचाळीस आहेत. चिठ्ठ्या बेचाळीस. मी सही करणार नाही.”

कुणीतरी चिठ्ठी खिशातच विसरलं असेल, असं अध्यक्षांनी समजावून पाहिलं. डेल्फीनबाई थेट बोलणार नव्हत्याच. “डॉक्टर, त्यांना विचारा, भाऊ टिकतोय तर एवढा आटापिटा कशाला?”

“डॉक्टर, त्यांना सांगा, भाऊ माझा आहे, बादली सगळ्यांची आहे.”

आणि त्यांनी कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. मित्रांनो, तो क्षण मी जन्मात विसरणार नाही. नखाने खरवडून त्यांनी चिठ्ठी सोडवली आणि न उलगडता डेल्फीनबाईंच्या हातात दिली.

“लुसिंडा टटल,” डेल्फीनबाईंनी वाचलं, आणि त्या चिठ्ठीकडे बघतच राहिल्या. ते उजवीकडे रेललेलं, शेपटीवालं अक्षर त्या नऊ वर्षं रोज खिळ्यावर बघत होत्या. सगळ्या चिठ्ठ्यांत आपली दिसली नाही, हे ऑर्फाबाईंना मोजतानाच उमगलं होतं. गप्प बसल्या असत्या तर भाऊ प्रमुख राहिला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. पण भाऊ एखाद्या दिवशी त्या आगीत पडेल, या धास्तीने त्यांनी लुसिंडाला मत दिलं होतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी बघायला हात पुढे केला. डेल्फीनबाईंनी ती गठ्ठ्याच्या मधोमध सरकवली. “निरीक्षक आम्ही आहोत, वेंडेल,” त्या म्हणाल्या आणि पहिली सही त्यांनी केली.

एमॉसनी लांब दांड्याचा झारा लुसिंडाच्या हातात दिला आणि काहिलीचा उत्तरेचा कोपरा आधी उकळतो, हे बजावून सांगितलं. मग बहिणीशेजारी येऊन बसले. तिने काय केलं, हे त्यांना कधीच कळलं नाही. आज त्यांतलं कुणी उरलेलं नाही, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

तर मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कुठल्यातरी मंडळाचे निरीक्षक व्हाल. तेव्हा मला नुसतं उलटं करून ठोकू नका. आत हात घालून तळ चाचपा. आणि मला धुवाल तेव्हा आतूनही धुवा.

हो, बर्फावरच्या पाकाबरोबर आमच्याकडे काकडीचं लोणचं खातात. त्या संध्याकाळी डेल्फीनबाईंनी आपली बशी ऑर्फाबाईंपुढे सरकवली. मध्ये डॉक्टर नव्हते.

“घे,” त्या म्हणाल्या. “पहिल्या नंबरचं नाही, पण घे.”