हात खाली म्हणजे वाट मोकळी

जुन्या गावातून समुद्राकाठी नेणारी ती पायी फेरी सोपी होती, आणि सोपी म्हणूनच चालत होती. कुठे पायरी नाही, चढ नाही. घड्याळाच्या चौकातून निघायचं, जकातघरासमोरून दोरवाल्यांच्या गल्लीत शिरायचं, जुन्या बाजाराच्या कमानीखालून धक्क्यावर यायचं आणि पाणी डाव्या हाताला ठेवून दीपगृहापर्यंत रमतगमत जायचं. गुडघे दुखणारे, बाळाच्या गाड्या ढकलणारे, डॉक्टरांनी दटावून चालायला लावलेले, असे लोक यायचे.

फेरी सासूबाईंची, आणि पद्धतही त्यांचीच. लोकांकडे पाठ करून बोललं की अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून त्या उलट्या चालत. तोंड लोकांकडे, पाठ रस्त्याकडे. त्यांच्या पाठीमागे काय आहे ते बघायचं काम घोळक्याच्या शेवटी चालणाऱ्या थोरल्या सुनेचं. सायकल आली, खड्डा आला, की थोरली हात वर करायची. हात वर म्हणजे थांबा. हात खाली म्हणजे वाट मोकळी. सासूबाईंना इतक्या वर्षांत साधी ठेच लागली नाही ती थोरलीमुळे, पण निघताना लोक आभार मानायचे सासूबाईंचे. थोरलीला विचारायचे, इथे जवळपास बाथरूम कुठे आहे. तीही निमूट दाखवायची, कारण सासूबाई थकल्या की पुढची जागा आपलीच, हे तिने मनाशी धरलं होतं.

सासूबाईंचे गुडघे एकदाचे बोलायला लागले. रात्रीच्या जेवणाला दोन्ही सुनांसमोर त्यांनी थोरलीला सांगून टाकलं, "माझं चालणं आता पुरे. उद्यापासून धाकटी पुढे. तू मागे आहेसच."

"मी?" धाकटी म्हणाली. "आई, ताई आहेत ना."

"ताई आहे म्हणून तर तुला पुढे करतेय. काही दिवस बघू, मग काय ते कायमचं ठरवू."

थोरलीने ताट उचललं. भूक मेली होती. धाकटी या घरात येऊन वर्ष झालं नव्हतं. तिला जकातघर आधी बांधलं की कमान, हेसुद्धा धड माहीत नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. नवऱ्याला तिने तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "अगं, काही दिवस म्हणालीय ना आई." नवरे अशा वेळी असंच काहीतरी म्हणतात.

आणि धाकटी छान बोलत होती, हे सगळ्यात वाईट. कमानीचं साल चुकायची आणि वर हसून म्हणायची, "आमच्या ताईंना विचारा, त्यांना सगळं पाठ आहे." सगळे वळून बघायचे. थोरलीला साल सांगावं लागायचं आणि सगळे परत पुढे वळायचे. दोरवाल्यांच्या गल्लीत धाकटीने एका खिडकीकडे बोट दाखवून, इथे एक बाई रोज नवऱ्याच्या होडीची वाट बघायची, अशी गोष्ट ठोकून दिली. त्या खिडकीत पिढ्यान् पिढ्या दोराचं कोठार होतं. पण एका आजोबांनी डोळे पुसले. सालं, नकाशे, कोणता दगड कुठून आणला, सगळं तिच्याकडे होतं, आणि आजोबा रडले ते कोठारासाठी.

चौथ्या दिवशी एक बाई चालता चालता मागे राहिली आणि थोरलीला म्हणाली, "किती गोड आहे हो ती. तुम्ही मदतीला असता वाटतं?"

"हो," थोरली म्हणाली. "असते."

तेव्हा ते धक्क्यावर होते. धाकटी उलटी चालत होती, हातवारे करत, केस वाऱ्यावर. तिच्या मागे, वाटेच्या अगदी मधोमध, होड्या बांधायचा लोखंडी खुंट होता. एरवी धाकटी त्याला वळसा घालायची. आज एका गाडीतल्या बाळाशी बोलता बोलता ती सरळ रेषेत येत होती. थोरलीने खुंट पाहिला. तिचे दोन्ही हात मोकळे होते. हात वर करायला किती वेळ लागतो? धाकटीने बोलता बोलता एकदा तिच्याकडे बघितलं. थोरलीचा हात खालीच राहिला.

धाकटी खुंटाला अडखळून आडवी झाली. मनगट दगडावर आपटलं. सगळे धावले. तीच उठून बसली आणि म्हणाली, "हा खुंट आपल्या फेरीत नव्हता, पण आता आला." लोक हसले. ज्यांनी तोवर तिच्यावर जीव टाकला नव्हता, त्यांनीही टाकला.

घरी सासूबाईंनी पट्टी बघितली आणि थोरलीकडे वळल्या. "तुझा हात कुठे होता?"

"ताईंनी केला होता वर," धाकटी मध्येच म्हणाली. "मीच बोलण्याच्या नादात. माझीच चूक."

सासूबाईंनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. म्हणाल्या, "उद्या थोरली पुढे. हिचा हात बरा होईपर्यंत ही मागे."

हवं ते मिळालं होतं, पण थोरलीला ते गोड लागेना. खोटं बोलण्यातही तिनेच बाजी मारली, असं वाटून ती आणखी चिडली. भांडी आवरताना तिने धाकटीला गाठलं.

"खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू आईंना?" धाकटी एका हाताने पेले पुसत होती. "मी तुमच्याकडे बघितलं होतं, ताई. हात खाली होता. म्हणून मी चालले."

तिने राग केला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. भांडण झालं असतं, फिटंफाट झाली असती.

दुसऱ्या दिवशी थोरली पुढे उभी राहिली. चौकात ती चांगली बोलली, कारण तिथे उभं राहूनच बोलायचं होतं. मग चालायची वेळ आली. दोन पावलं मागे टाकली आणि तिची मान आपोआप वळली. रस्ता मोकळा होता. पुन्हा दोन पावलं, पुन्हा मान. वाक्यं तुटायला लागली. लोक तिच्या नजरेमागे बघायला लागले, तिथे काहीच नव्हतं. मागे धाकटी उभी होती, पट्टीचा हात खाली, चेहरा स्वच्छ. थोरलीला त्या खाली असलेल्या हातावर विश्वास ठेवता येईना. ही कशाला सांगेल मला, मी सांगितलं होतं का?

धक्क्यावर ती थांबलीच. बाळाच्या गाड्या थांबल्या. कोणीतरी विचारलं, बरं वाटत नाही का?

"तू ये पुढे," ती धाकटीला म्हणाली.

"ताई, आज तुमचा—"

"ये म्हटलं ना. आईंना मी सांगेन. काय ते सगळंच सांगेन."

धाकटी घोळक्यातून वाट काढत पुढे आली. थोरली शेवटी जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, आता हीसुद्धा मान वळवेल. वळवावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

धाकटीने पाण्याच्या बाजूला बोट दाखवलं, बोलायला सुरुवात केली आणि काल पडली त्याच वाटेने उलटी चालू लागली. तिने मान वळवली नाही. मध्येमध्ये ती फक्त थोरलीकडे बघत होती. खुंट बराच लांब असतानाच थोरलीचा हात वर गेला. धाकटी थांबली, हसली आणि न बघताच बाजूला सरकून पुढे निघाली. थोरलीला तिचा आजवर इतका हेवा कधीच वाटला नव्हता.