आधी दार वाजवा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, आज आवाज लहान ठेवलाय. हातात धरून बोलतात ना, मुठीत बटण असलेला, तोच मी. माझा कान मागे, वाटीएवढा, आणि तोंड पुढे, परातीएवढं. अशी माणसंही मी बरीच पाहिली आहेत.

कारखान्यात मला ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ एवढंच शिकवलं आणि खोक्यात घालून दवाखान्यात धाडलं. तिथल्या कपाटात मी कितीतरी दिवस पडून होतो, पण कंटाळलो नाही. मला नसत्या चौकशांची भारी खोड. कोणाचा डबा कोणी खाल्ला, कोण कोणावर रुसलं, सगळं फटीतून कळायचं.

मग जवळच्या वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली आणि माझी धूळ झटकली गेली.

लोकांना काय सांगायचं ते ठरवायला बैठक बसली. “गोड बोलून कोणी ऐकत नाही. जरा दम भरा,” डॉक्टरसाहेब म्हणाले. प्रचाराचं काम बघणाऱ्या ताईंना ते पटलं नव्हतं, पण वाद घालायला वेळ कुठे होता? मजकूर ठरला: “हात साबणाने धुवावेत. पाणी उकळून प्यावे. रुग्ण लपवू नये. लपवल्यास कारवाई करण्यात येईल.”

मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. गंमत म्हणजे, मी गल्लीत शिरलो की दारं धडाधड लागायची. साबण फुकट होता, तरी कोणी पुढे येईना. दवाखान्यात खाटा रिकाम्या आणि वस्तीतून मात्र रोज वाईट बातमी. या दारांआड आहे तरी काय, मला राहवेना.

ताईंनाही राहवलं नाही. त्यांनी माझं बटण बंद केलं, मला काखोटीला मारलं आणि एक दार वाजवलं. बऱ्याच वेळाने ते किलकिलं झालं. आत एक आजी उभ्या होत्या.

“आमच्याकडे कोणी आजारी नाही.”

तेवढ्यात आतून लेकरू कण्हलं. ताई उंबऱ्याबाहेरच बसल्या.

“बरं, नसेल. पण आजी, आम्ही आलो की दार का लावता, एवढं सांगा.”

आजींनी माझ्याकडे बोट केलं. “हा धमक्या देतो म्हणून. माझी नात एवढीशी आहे. तिला उचलून न्याल, एकटी ठेवाल. घाबरूनच जाईल ती.”

“एकटी कशाला? आई राहते की जवळ. तिला झोपायला खाटही देतो.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“चुकलंच आमचं,” ताई म्हणाल्या. आजींनी दार पूर्ण उघडलं.

नातीला उचललं तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. आई सोबत होती. सलाईन चढत होतं आणि मी शेजारच्या टेबलावर पडून तिचा श्वास ऐकत होतो. मला फार भीती वाटली.

पुढच्या बैठकीत ताई म्हणाल्या, “आई जवळ राहते, हे आपल्या सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की सांगायचं कोणाला सुचलंच नाही.” डॉक्टरसाहेबांनी जुना कागद फाडला. मग सगळे दारोदार गेले, आधी ऐकायला.

पोर उठून बसली, तशी आजींनीच मला मागून घेतलं. “अगं बायांनो, दारं उघडा. आमची पोर खिचडीसाठी हट्ट करतेय. आईला जवळ ठेवतात, मी डोळ्यांनी बघून आले. आणि हात धुवा गं, साबण आहे तो संपवा.” गल्लीतली दारं एकेक करून उघडली. दारांआड आजारी लेकरं होती आणि त्यांना घट्ट धरून बसलेल्या आया.

आता साथ ओसरली आहे. माझ्या तोंडाला पोचा आलाय, आवाज चिरकतो. पुन्हा कधी मला उचलाल, तेव्हा एवढंच करा: आधी एक दार वाजवून या. मग मी हवा तेवढा ओरडतो.

परवा ती नात तपासणीला आली होती. जन्मभर मी लोकांच्या घरात डोकावलो, हिने माझ्या तोंडात डोकं घातलं. आत कोणी सापडलं नाही, तेव्हा मला फिरवून बटण दाबलं आणि ती ओरडली, “हात धुतले का?”

डॉक्टरसाहेब नुकतेच डबा उघडत होते. ते उठले आणि निमूटपणे नळाकडे गेले.