पाहुण्यासाठी सजवलेली मोटार

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. शेलूबाजारच्या शालिग्राम यांच्या डाळमिलमध्ये विजेची मोटार एक, तिच्यावरचे रबरी पट्टे चार, चारही कोरे.

लहान उद्योगांनी वीज वाचवावी म्हणून शासनाची एक योजना होती. जुनी मोटार काढून कमी वीज खाणारी बसवली, तर निम्मी किंमत शासन देणार होते. अट एकच : बचत किमान दहा टक्के भरली पाहिजे. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर त्या मोजणीचे काम माझ्याकडे आले होते. महिन्यापूर्वी मी ही मिल नुसती पाहून गेलो, तेव्हा पट्टे सैल होऊन घसरत होते. दुपारी मोटार तापली की मिल बंद ठेवावी लागे आणि तूर घेऊन आलेले शेतकरी मालेगावची वाट धरत. नवी मोटार मिळाली नाही तर हा हंगाम शेवटचा, असे शालिग्राम तेव्हाच म्हणाले होते.

आज मोजणीचा दिवस. फरशी धुतलेली होती. मोटारीला हिरवा रंग, बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस, चाकाला हळदकुंकू. साहेब येणार म्हणून रिसोडहून सामान आणून आठवडाभर दोघे राबलो, असे शालिग्राम यांच्या पत्नी पंचफुलाबाईंनी चहा देताना कौतुकाने सांगितले.

मी जुन्या पट्ट्यांची चौकशी केली. शालिग्राम यांनी ते कापून गोठ्याच्या दाराला बिजागऱ्या म्हणून ठोकले होते.

"काहून साहेब, काई चुकलं काय?" पंचफुलाबाईंनी विचारले.

मोजायचे होते ते रोजचे यंत्र, हे मी समजावून सांगितले. जुनी मोटार जितकी चांगली चालेल, तितकी नवीची बचत कमी भरते.

पंचफुलाबाई मोटारीकडे वळल्या. "पोरगी पाहाले पाव्हणे येतात, तं तिले मळक्या लुगड्यात बसवतात काय? आमी तं हिले नटवून बसवली."

"अन् पाव्हण्यानं नापसंत केली," शालिग्राम म्हणाले. "लई चांगली दिसली म्हनून."

बोल्ट ढिले करून पट्टे सैल सोडणे पाच मिनिटांचे काम होते आणि पाना माझ्या पिशवीत होता. शालिग्राम यांची नजर पिशवीवर गेली. मी पाना काढला नाही. असे सैल केलेले यंत्र त्यांचे रोजचे यंत्र ठरले नसते. ते माझे झाले असते.

तूर टाकून तासभर मिल चालवली. एकही पट्टा घसरला नाही. तो घसरावा, असे यंत्राजवळ उभे राहून आयुष्यात प्रथमच वाटले. मग गणित मांडले, दोनदा तपासले आणि आकडा शालिग्राम यांच्यासमोर अहवालात लिहिला.

अपेक्षित बचत : ९.४ टक्के.