सोन्याचे पाणी उतरले तेव्हा

मी एक जुने पितळी घड्याळ आहे. मित्रांनो, नीट बसा आणि माझे सांगून होईपर्यंत चुळबुळ करू नका. ज्याने जन्मभर इतरांना वेळेची शिस्त लावली, त्याला मध्येच तोडलेले खपत नाही.

भिंतीवरच्या माझ्या भाऊबंदांना लंबक असतो. ती मंडळी एका खिळ्याला आयुष्यभर लटकून राहतात आणि जरा हलवले की बंद पडतात. मी त्यांच्यातले नव्हे. घोडागाडीतून दूरचा प्रवास करता यावा म्हणून मला घडवले. उंचीने मी वीतभर. चारही बाजूंना जाड काचा, माथ्यावर उचलण्यासाठी मूठ आणि मुठीखाली एक छोटी खिडकी. त्या खिडकीतून डोकावले की आत झुलणारे इवलेसे चाक दिसते. गाडी खड्ड्यात आदळो की घोडा उधळो, ते आपला ठेका सोडत नाही.

मला एका हाताने घडवले नाही. कोणी चाकांचे दाते कापले, कोणी सांगाडा जुळवला, कोणी खांबांवर वेलबुट्टी कोरली. सर्वांत शेवटी एका वृद्ध कारागिराने माझ्या पितळेवर सोन्याचे पाणी चढवले. तो थर कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ होता. पण त्याच्या जोरावर मी कोणत्याही दिवाणखान्यात मान ताठ ठेवून बसू शकत असे.

माझे पहिले धनी फिरतीवरचे न्यायाधीश होते. कातडी पेटीत बसून मी त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडले. एखादा वकील लांबण लावू लागला की न्यायाधीश एक शब्दही बोलत नसत. माझे तोंड मात्र हळूच त्याच्याकडे वळवीत. तेवढ्यावर तो मुद्द्यावर येई. असा मान मी भोगला आहे.

पुढे न्यायाधीश वारले. त्यांच्या मुलांनी पलंग आणि आरसे वाटून घेतले. माझी आठवणही कोणाला झाली नाही. हात बदलत बदलत मी जुन्या बाजारातल्या एका दुकानात, फुटक्या किटल्या आणि काजळलेल्या कंदिलांच्या रांगेत येऊन पडले. माझ्या सोन्यावर काळपट तपकिरी साय धरली.

तेथे मला दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी पाहिले. माझ्या जातीची घड्याळे जमवणे हा त्यांचा एकुलता एक नाद. दुकानदार मला पुसायला फडके घेऊन सरसावला, तसे त्यांनी त्याचे मनगट धरले.

"राहू द्या. आहे तसंच द्या."

घरी आणून त्यांनी दात कोरण्याच्या आपल्याच बारीक हत्यारांनी माझी चाके स्वच्छ केली. त्यांची थोरली बहीण त्याच घरात राहत असे. तिला सगळे आक्का म्हणत. ती दारातून म्हणाली, "माणसांचे दात संपले वाटतं, म्हणून आता चाकांचे धरलेस."

मग डॉक्टरांनी मला काचेच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. त्या कपाटात माझ्यासारखी कितीतरी घड्याळे होती, पण चालू एकही नव्हते. चालवले की झिजते, असा डॉक्टरांचा नियम होता. ती का पुसायची नाहीत, कशी उचलायची, किल्ली कशी द्यायची, हे सारे त्यांना ठाऊक होते. मात्र ते ज्ञानही त्यांनी आमच्याबरोबरच कुलपात ठेवले होते.

घरात त्यांची सून होती. मुलाची नोकरी परगावी होती; सासऱ्यांची दृष्टी मंदावत चालली म्हणून ती त्यांच्याजवळ थांबली होती. एके दिवशी एक नामांकित संग्राहक खास आमचे कपाट पाहायला यायचे होते. डॉक्टरांनी सुनेच्या हाती किल्ली दिली, "कपाट पुसून ठेव," एवढेच सांगितले आणि ते पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले.

सुनेने काचा पुसल्या. मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. इतक्या मोठ्या पाहुण्यापुढे असे मळकट घड्याळ गेले तर सासऱ्यांना खाली पाहावे लागेल, असे त्या भल्या पोरीला वाटले. तिने लिंबू घेतले, भांडी उजळायची पावडर घेतली आणि ती मला घासू लागली. काळेपणा गेला. त्याच्यामागोमाग सोनेही गेले. खांबांवरची वेलबुट्टी बोथट झाली. मी नव्या पातेल्यासारखे लखलखू लागले, आणि ती समाधानाने हात धुवायला गेली.

पाहुण्यांनी डोळ्याला भिंग लावून मला फिरवून पाहिले आणि हळूच खाली ठेवले.

"वाईट झालं, डॉक्टर. भांडं झालं हो याचं."

डॉक्टर रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिले, आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलणे टाकले.

"आक्का, तिला सांग, आमटीत मीठ कमी आहे."

"ती समोर उभी आहे. मी काय टपालखातं उघडलंय?"

पण डॉक्टर हटले नाहीत. सून मान खाली घालून वावरू लागली. तरीही दर रविवारी ती मला किल्ली देई, आणि कितीतरी वर्षांनी मी पुन्हा चालू लागले. ज्या हाताने माझे सोने नेले, त्याच हाताने मला चालते केले, हे मी सांगितलेच पाहिजे. न्यायाधीशांच्या टेबलावर मी एवढे तरी शिकले आहे.

काही महिन्यांनी तिने आपली पेटी भरायला घेतली.

"आक्का, बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, की मी ह्यांच्याकडे जाते. घरात असून नसल्यासारखं राहवत नाही आता."

आक्काने तिला अडवले नाही. ती एवढेच म्हणाली, "तू गेलीस, तर तो त्या कपाटासारखाच बंद होऊन बसेल."

ऑपरेशन झाले. डॉक्टर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून घरी आले. वेळ कळेना म्हणून ते कासावीस होत. सुनेने मला उचलले आणि गुपचूप त्यांच्या उशाशी आणून ठेवले. माझा ठेका ऐकताच त्यांनी मान वळवली.

"कोणतं हे? कपाटातलं?"

"कपाटातली सगळी मुकी आहेत," आक्का म्हणाली.

त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि माझ्या माथ्यावरची कळ दाबली. ती दाबली की मी सरलेल्या तासाचे टोले पुन्हा देते. मी चार टोले दिले. मग त्यांची बोटे खांबावरून खाली उतरली, बोथट वेलबुट्टीवर आली आणि तेथेच थांबली. त्यांनी मला ओळखले.



"आक्का, तिला विचार, याला किल्ली कोण देतं."

"तूच विचार. पट्टी डोळ्यांना आहे, तोंडाला नाही."

शेवटी डॉक्टरांनीच विचारले, "किल्ली कोण देतं गं याला?"

"मी देते, बाबा."

"अडेपर्यंत पिळतेस?"

"हो."

"तसं करू नये. थोडा हात राखावा."

"बरं." ती जरा थांबली. "बाबा, हे घासायचं नसतं, हेही तेव्हा असंच सांगितलं असतं, तर बरं झालं असतं."

डॉक्टरांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि वरच्या खणातले कोणतेही एक घड्याळ आणायला सांगितले. त्याला किल्ली दिली, ते चालेना. दुसरे आणले, तेही चालेना. तिसऱ्याचे चाक अर्धा झोका घेऊन थांबले. घड्याळ बंद राहिले, की आतले तेल चिकट होऊन डिंकासारखे चाकांना धरून ठेवते. झिजू नयेत म्हणून जपलेली माझी सारी भावंडे जागच्या जागी गोठली होती.

"तू एक घासलंस," डॉक्टर म्हणाले. "मी सगळी आखडवून ठेवली."

सून त्यांच्या पायाशी बसली. "दुरुस्त होतील ना?"

"होतील. पण माझे हात आता कापतात. तुला शिकावं लागेल."

तिने भरलेली पेटी रिकामी केली की नाही, ते मी पाहिले नाही. पेटी दुसऱ्या खोलीत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची बारीक हत्यारे तिच्या हातात होती, आणि ते पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी शेजारी बसून तिला एकेक गोष्ट सांगत होते. मध्येच ते खेकसत. तीही उलट विचारी. आक्का म्हणाली, "मुकं घर बरं होतं म्हणायचं."

मित्रांनो, माझे सोने परत आलेले नाही, आणि ते गेले याचे दुःख मी लपवणार नाही. पण तुम्हाला बजावून सांगते. ज्या वस्तूची रीत ठाऊक नाही, तिला हात लावण्याआधी विचारावे. ज्याला रीत ठाऊक आहे, त्याने कोणी विचारण्याची वाट पाहत बसू नये. आता उठा. घरात एखादे जुने यंत्र असेल, आणि ते चालवता येणारे एखादे वडीलधारे माणूस असेल, तर त्याच्याजवळ आजच जाऊन बसा. ते खेकसले, तर पुन्हा विचारा.