उरलेल्या औषधाची बाटली

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. डोळ्यांच्या औषधाची, अंगठ्याएवढी. गुंजवण्याच्या बाळाबाईंचा मोतीबिंदू काढला, तेव्हा भोरच्या शिबिरातून मी त्यांच्या घरी आले. त्यांचा डोळा बरा झाला. मग मला टाकून द्यायचं होतं. पण निम्मं औषध वाया कसं घालवायचं, म्हणून बाळाबाईंनी मला देवापाशी ठेवलं. झालं! आळीत कुणाचा डोळा लाल झाला की माझी आठवण व्हायची. मी लाली घालवायचे, लोक माझे गुण गायचे. मी फुगून गेले, खोटं कशाला सांगू.

२००९ सालच्या सुगीत भात कापताना त्यांच्या सुनेच्या, शेफालीच्या डोळ्याला भाताचं पातं लागलं. ऐन सुगीत दवाखाना गाठायला वेळ कुणाला? बाळाबाईंनी मायेनं माझे थेंब घातले. एक-दोन दिवसांत लाली ओसरली. सगळे खूश, मीही खूश. पण मी नुसती लाली दाबली होती आणि आतल्या जंतूंना मोकळं रान दिलं होतं. पुढच्या आठवड्यात बुबुळावर पांढरा डाग पडला. शेफाली दुखण्यानं तळमळू लागली.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळ विरघळत चाललंय. जंतूंनी सोडलेले आणि डोळ्याचे स्वतःचेच रस त्याला खातायत. आधी काय घातलं होतं, असं त्यांनी विचारलं. सासूला बोल लागू नये म्हणून शेफाली म्हणाली, काहीच नाही. बाळाबाईंनी ओच्यातून मला काढून टेबलावर ठेवलं.

"ती खोटं बोलतीया. म्या घातलं. माज्या हातानं."

कपाळ बडवून घ्यायला मला हात असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी औषध बदललं. मग जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालून बुबुळावर जांभळट किरण सोडले. सैल खाटेची वीण आवळावी तसे त्यानं बुबुळातले धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि त्या रसांना सहजी दाद देत नाहीत. विरघळणं थांबलं. डोळा वाचला, डाग मात्र राहिला.

घरी आल्यावर बाळाबाईंनी शेफालीचा चांगला डोळा झाकला आणि आपला पंजा तिच्यापुढं धरला.

"हात दिसतोय, आत्या. बोटं न्हाई दिसत."

बाळाबाईंनी हात खाली घेतला. तेव्हापासून त्या मला टाकतही नाहीत, वापरतही नाहीत. नुसत्या हातात घेऊन बसतात.

मित्रांनो, एकाच्या डोळ्याचं उरलेलं औषध दुसऱ्याच्या डोळ्यात घालू नका. आणि बाळाबाईंना बोल लावू नका. त्यांनी माया केली. नासधूस मी केली.