पाचव्या गटातल्या बाई

"आजपासून आपल्या दारात सगळी गिऱ्हाइकं समान," फ्रिजदुरुस्तीच्या तक्रार केंद्राचे साहेब सभेत गरजले, आणि लगेच त्यांनी त्या समान गिऱ्हाइकांचे पाच गट भिंतीवर दाखवले.

गट पाडून दिले होते आकडेवालीने. केंद्रात तिला सगळे आकडेवाली म्हणत. घरी सासू तिला काहीच म्हणत नसे. दोघींचं बोलणं मिठापुरतं. सारख्या सवयींची माणसं यंत्रानं एकत्र बसवली होती. पाचव्या गटात जुना फ्रिज, लांबलचक फोन आणि नवी खरेदी शून्य. बहुतेक विधवा. फोन घेणाऱ्या चाळीस जणांपैकी या गटाला एक मिळाला, तोही सध्या जेवायला गेला होता.

"त्यांना काय, वेळच वेळ," साहेब आकडेवालीला म्हणाले. "तुम्ही फक्त या वाटणीवर सही करा."

पूर्वी विधवेला कोपऱ्यात बसवायला चार नातेवाईक लागत. आता एक तक्ता पुरतो.

सहीला वाकताना फोनवर ताटकळणाऱ्यांच्या यादीत आकडेवालीला घरचाच नंबर दिसला. दोन तास दहा मिनिटं. तिनं जेवायला गेलेल्याच्या रिकाम्या खुर्चीत बसून फोन घेतला.

"बोला."

"बोलायलाच बसलेय. सकाळपासून फ्रिज बंद आहे. इन्सुलिनच्या शेवटच्या दोन बाटल्या आत आहेत."

"आई, मी बोलतेय. मला का नाही सांगितलंत?"

"नवऱ्याला विचार तुझ्या. तो म्हणाला, कंपनीला सांग. सांगतेय."

आकडेवाली साहेबांकडे वळली. "पहिल्या गटाचे फोन घेणारी दहा माणसं इकडे द्या. कुणाचं औषध अडलंय ते आधी विचारायचं."

"मॅडम, गट यंत्रानं पाडलेत."

"खरेदीचा रकाना मी घातला, औषधाचा नाही. यंत्राचं अंगण कशाला वाकडं म्हणता? सही मिळणार नाही."

"मग उद्या येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज ही खुर्ची माझी." तिनं यादी पाहिली आणि फोन कानाला लावला. "आई, तुमच्याआधी दोघी आहेत. कारागीर चारला येईल."

"म्हणजे सून असूनही रांगच."

"हो, रांगच. पण माणसांची. चूक माझीच होती, आई. नोकरी गेली तरी बेहत्तर, यापुढे एकाही बाईला मी असं..."

"झालं भाषण? येताना बर्फ आण."